शिक्क्यांभोवतीचा गोल

तबकाच्या पाठीवर तिचा श्वास पडला आणि चांदीची ग्वाही देणाऱ्या चार शिक्क्यांना वेढून एक गोल उमटला. झालं ते एवढंच. सकाळची थंडी होती, कामाच्या खोलीतला हीटर अजून तापायचा होता, आणि डोळ्याला भिंग लावून ती वाकली होती ती फक्त शिक्क्यांची आकृती उतरवून घ्यायला. तबक तिनं कालच तपासून पास केलं होतं. ‘आतबाहेर चांदी,’ असं ती लिलावघराच्या मालकाला सांगूनही आली होती, आणि चांदीच्या बाबतीत तिथे तिचा शब्द शेवटचा. तोंडातली वाफ चांदीवर बसली, सगळी पाठ धुरकट झाली, आणि त्या धुरकटीत बशीच्या बुडाएवढी एक केसासारखी बारीक रेघ लख्ख दिसली. वाफ विरली तशी रेघही गेली. तिनं भिंग खाली ठेवलं, दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं, आणि लहान मूल खिडकीच्या काचेवर करतं तसा तबकावर पुन्हा ‘हा’ केला. गोल पुन्हा आला.

आपण तिला धाकटी म्हणू. तिला तसं म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. लिलावघरात ती ‘बाई’, घरात ‘अगं’, मुलीची ‘आई’, आणि बाहेरच्या जगात तिचं जे नाव आहे ते तिचं नाही. पण त्याकडे येऊच. आधी त्या रेघेचा अर्थ. तो धाकटीला कुणी समजावून सांगायला नको होता. कुठल्यातरी मोडक्या, पण खऱ्याखुऱ्या चांदीच्या भांड्याचं बूड कुणीतरी शिक्क्यांसकट कापून काढलं होतं. या तबकाला पाठीवर तेवढंच भोक पाडून तो तुकडा त्यात डाख देऊन, झाळून बसवला होता, आणि वरून मुलामा चढवून सांधा घासून घासून मिटवला होता. डोळ्याला तो दिसत नाही. नखाला लागत नाही. झाळलेल्या जागी वाफ जरा वेगळी बसते, एवढाच काय तो पुरावा, आणि तोही चार क्षणांचा.

आणि धाकटी फसली कशी, तर शिस्तीनं. नग बोटांच्या टोकांवर तोलून धरायचा आणि नखानं टिचकी मारायची; चांदी बराच वेळ गुणगुणत राहते, पण तिच्यावर फार विसंबायचं नाही, तांबंही कधीकधी छान गातं. मग कडा बघायच्या, जिथे हात लागून लागून मुलामा झिजतो आणि आतलं तांबूस अंग डोकावतं. मग कानशीचा एक चरा आणि त्यावर तेजाबाचा थेंब. थेंब रक्तासारखा लाल झाला तर चांदी, हिरवा फेसाळला तर दुसरं काहीतरी. हा चरा पारखी कधीच दर्शनी बाजूला काढत नाहीत. पाठीवर, शिक्क्यांना अगदी खेटून काढतात, म्हणजे तो त्या गर्दीत लपून जातो आणि नगाचं रूप बिघडत नाही. ही धंद्यातली रीत. ज्यानं तबक केलं त्याला ती पुरती ठाऊक असावी, कारण त्यानं तुकडा बरोबर एवढाच ठेवला होता की शिक्के आणि पारख्याचा चरा, दोन्ही त्यात मावावेत. धाकटीनं रीतीप्रमाणे चरा काढला, थेंब लाल झाला, आणि ती निर्धास्त झाली. एखाद्या अडाण्यानं कुठेही ओरखडलं असतं तर तो वाचला असता.

मालक दार ढकलून आत आला. गोल चेहऱ्याचा, स्वतःच्या विनोदांवर आधी स्वतः हसणारा माणूस. “काय बाई, सकाळी सकाळी चेहरा का काळवंडलाय? तुम्हालाही पॉलिश लागणार बहुतेक.” धाकटी हसली. “थंडी आहे हो,” म्हणाली आणि तबक फडक्यात गुंडाळलं. तो गेल्यावर तिला आपलंच नवल वाटलं. चूक सांगायला काय लागत होतं? पण तो गोल कुणाला दाखवायचा या कल्पनेनंच तिला एकदम उघडं पडल्यासारखं झालं होतं, आणि हे ‘उघडं पडणं’ तबकाचं नव्हतं, इतकं तिला तेव्हाही कळलं. ती खुर्चीवर बसली. हीटर टकटक करत तापू लागला. तिच्या मनात आलं, माणसावर असा श्वास कोण टाकतं? इतकं जवळ कोण येतं?

थोरली गेली तेव्हा धाकटीचं अजून शिक्षण चालू होतं. थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण. लग्न होऊन दुसऱ्या गावी दिलेली, पहिलटकरीण, आणि बाळंत होऊन आठवडाही काढू शकली नाही. मागे उरली मूठभर मुलगी. थोरलीची सासू खंबीर बाई होती. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, दोन्ही घरच्या माणसांना बसवलं आणि म्हणाली, “पोरीला मावशीच आई होईल. आणि सावत्र हा शब्द माझ्या नातीच्या कानावर पडता कामा नये.” धाकटीला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. पण मांडीवर ते मूल ठेवून विचारलं. लग्न झालं, आणि ते सगळे मिळून या शहरात आले, जिथे त्यांना ओळखणारं चिटपाखरूही नव्हतं. मुलीच्या जन्माच्या कागदावर आईचं नाव थोरलीचं होतं. मग सासूनंच तोडगा काढला, अगदी सहज, पडद्याला ठिगळ लावावं तितक्या सहज: या घरात आल्यावर सुनेचं नाव तेच. तोंडवळा दोघींचा सारखाच होता. थोरलीचे कपडे धाकटीला कमरेत थोडे सैल होत, ते सासूनं आत घेऊन दिले. फोटोत थोरली तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती, तो फोटो भिंतीवर लागला, आणि येणारा-जाणारा धाकटीला म्हणे, “अय्या, किती बारीक झालात तुम्ही!” नवऱ्याला ती आधी ‘भावोजी’ म्हणायची. तो शब्द गेला, त्याच्या जागी ‘अहो’ आला. तिचं स्वतःचं नाव तिची आई तेवढी घ्यायची, तेही दार लावून. आई गेल्यावर ते नाव उच्चारलं गेल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. घरात मात्र अळीमिळी गुपचिळी. सासूही पुढे गेली, आणि जाताना तिनं धाकटीच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिला थोरलीच्या नावानं हाक मारली. ती वातात बोलली की जाणूनबुजून, हे काही कळलं नाही.

याहून विचित्र एक गोष्ट होती, आणि ती धाकटीनं कधी कुणापाशी काढली नव्हती. तिला ते बाळंतपण आठवत असे. मुलगी लहानपणी हट्ट करायची, “मी झाले तेव्हाची गोष्ट सांग,” आणि धाकटी सांगायची. प्रथम सासूकडून ऐकलेलं सांगायची, घोटून घोटून. मग तिच्या लक्षात आलं की सासूनं न सांगितलेलंही आपण सांगतोय. छतावरचा ओलीचा डाग, त्याचा एका बाजूनं झुकलेला आकार. कमरेतून निघून मांड्यांत उतरणारी कळ, आणि दोन कळांच्या मध्ये येणारी ती लाजिरवाणी झोप. पलंगाच्या दांड्याचा हाताला लागणारा गारवा. मुलामा असाच चढतो. नग चांदीच्या पाण्यात टांगून ठेवायचा, आणि थर कधी बसला ते बघणाऱ्यालाही कळत नाही. धाकटीला स्वतःचं मूल कधी झालं नाही. तरी परवा बसमध्ये एक गरोदर बाई कळवळून ओठ चावत उभी होती, तेव्हा धाकटीच्या कमरेतून नेमकी तीच कळ निघाली, आणि तिला आधार धरून बसावं लागलं. शरीर खोटं बोलत नाही म्हणतात. मग हे काय होतं?

फोन वाजला तेव्हा ती पुन्हा तबकावर वाकली होती. मुलीचा फोन. मुलीला सातवा महिना होता, जावई कामावर, दिवसभर ती घरात एकटी कंटाळायची आणि आईला फोन करायची. “आई, अगं गंमत ऐक. पाय असे सुजलेत ना, की हत्तीण म्हणशील. आणि डोकं कालपासून नुसतं ठणकतंय. उद्या तपासणी आहे. डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, आईला विचारून या, तिच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का. रक्तदाब वगैरे, झटके वगैरे. असलं ना, की मुलीलाही जपावं लागतं म्हणे. तर मी काय सांगू?”

“काही नाही गं,” धाकटी म्हणाली. “अगदी सोपं गेलं. तू उगाच मनात काही आणू नकोस.”

“मला वाटलंच. तू म्हणजे दणकट बाई. बरं, ठेवते आई.”

फोन खाली ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावरच राहिला. वाक्य किती गुळगुळीत बाहेर आलं होतं. कुठे अडकलं नाही, कुठे खरखरलं नाही. आणि मग हळूहळू, पायाच्या बोटांपासून वर चढत, तिच्यात भीती भरली. थोरलीचे पाय सुजले होते. थोरलीचं डोकं ठणकायचं. बाळंत झाल्यावर तिला झटके आले होते आणि त्यातच ती गेली होती, आणि आज तिच्या मुलीनं विचारलं तर धाकटीनं ‘सोपं गेलं’ म्हणून सांगितलं होतं. जिनं बाळंतपण केलंच नाही तिच्यासाठी ते सोपंच जाणार. उद्या डॉक्टरीणबाईही तेच ऐकणार आणि पुढच्या बाईला आत बोलावणार.

तिनं कानस घेतली. तबक उलटं केलं, शिक्क्यांपासून लांब, रीत सोडून, थेट मध्यभागी आडवा चरा ओढला. तेजाबाची बाटली उघडली. थेंब चऱ्यावर पडला, क्षणभर बिनरंगी राहिला, आणि हिरवा फेस वर आला. ती बघत राहिली. मग तशीच उठून मालकाच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “तबक मुलाम्याचं आहे. शिक्के दुसऱ्या भांड्याचे आहेत. मी चुकले.”

मालकाचं हसू अर्ध्यात थांबलं. “बाई, काल तर... अहो, कुणाला दिसणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“जो घेईल त्याच्याकडे कधीतरी थंडी पडेल,” धाकटी म्हणाली. मालकाला काही समजलं नाही. तिनं तब्येतीचं कारण सांगितलं आणि कोट चढवून बाहेर पडली. एका वाक्यात काम झालं होतं. दुसरं वाक्यही असंच बोलायचं, असं ती रस्ताभर स्वतःला बजावत होती. पण त्या वाक्यात ‘मी’ कुठे घालायचा ते तिला जुळेना. ‘तुझी आई झटक्यांनी गेली.’ मग बोलणारी कोण? दुकानांच्या काचांमधून एक बाई तिच्या बरोबरीनं चालली होती. कोट तोच, चाल तीच, फक्त किंचित सैल, जणू कुणाच्या तरी मापाचं अंग घातलंय. धाकटीनं पुन्हा काचेकडे पाहिलं नाही.

आधी नवऱ्याशी बोलायला हवं होतं. शेवटी साक्षीदार म्हणून उरला होता तो एकटाच. नवरा नगरपालिकेत नकाशे काढायचा. निवृत्त झाला तरी जेवणाच्या टेबलावर जुने नकाशे पसरून बसायची सवय सुटली नव्हती. ती लवकर आलेली पाहून त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. तिनं कोटही न काढता सगळं सांगितलं: पाय, डोकेदुखी, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, आपलं उत्तर. “आता सांगायलाच हवं हो तिला. थोरलीचं.”

“काय थोरलीचं?”

“तिला झटके आले होते ते.”

“आले होते ना,” तो म्हणाला. “मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून आवाज यायचा. तुझी जीभ चावली गेली होती. मग थांबले.” त्यानं नकाशाची एक घडी बोटानं सपाट केली. “थांबले आणि तू वाचलीस.”

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “अहो, मी नव्हे. थोरली. मी धाकटी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तो भ्रमिष्ट नव्हता. सकाळी त्यानं शेजाऱ्याच्या भिंतीचं माप तोंडी काढून दिलं होतं. त्याच्या नजरेत राग नव्हता, लपवाछपवीही नव्हती. होती ती माया, इतकी वर्षं तिनं आपली म्हणून घेतलेली, पाठीवर, कपाळावर, आजारपणात उशाशी. “असं नको गं बोलूस,” तो अगदी हळू म्हणाला. “त्या आठवणीनं दरवेळी माझ्या काळजाचं पाणी होतं. तू वाचलीस ना? मग झालं तर.” आणि त्यानं तिला थोरलीच्या नावानं हाक मारली. रोजच मारायचा. आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की ती हाक तिच्याजवळ येऊन थांबत नाही, तिच्यातून आरपार जाते आणि मागे कुणीतरी ‘ओ’ देतं. तिनं खरंच मागे वळून पाहिलं. मागे दार होतं, आणि दाराच्या खुंटीवर तिची छत्री. या माणसाची बायको कधी मेलीच नव्हती. तो बाकावरून उठून आत गेला होता आणि तिला घेऊन घरी आला होता. मग गेलं ते कोण? ती तशीच पाठमोरी झाली आणि जिना उतरली.

मुलीचं घर दोन चौकांपलीकडे होतं. बाहेर अजून उजेड होता, माणसं कामावरून परतत होती, कुणी पाव घेत होतं, कुणी कुत्र्याला ओढत होतं. धाकटी भरभर चालली. तिला भीती होती की आपण थांबलो तर पुन्हा ते गुळगुळीत वाक्य तोंडात येईल. मुलीनं दार उघडलं, एका हातानं कपाळ दाबत. “अगं आई! तू? न सांगता?” चेहरा फुगलेला, डोळ्यांखाली सूज. सोफ्यावर टेकायला मुलीला धाकटीचा हात लागला. पाऊल खरंच पावासारखं झालं होतं. धाकटीनं अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. “डोळ्यांपुढे काही येतं का?” तिनं विचारलं.

“बारीक ठिपके नाचतात. तू इतकी घाबरलीयस का? बस ना आई.”

धाकटी बसली. मुलीचा हात हातात घेतला. “तुझ्या वेळी सोपं गेलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. असेच पाय सुजले होते. असंच डोकं. सगळे म्हणाले, होतं असं. मग तू झालीस. धडधाकट झालीस, खणखणीत रडलीस, सगळ्यांना वाटलं सुटलो. आणि मग मला झटके आले.” तिचा आवाज सपाट, सरळ चालला होता. थांबवायला गेली, पण तो तिच्या हाती नव्हता. “छतावर ओलीचा डाग होता, तो हलायला लागला. कुणीतरी माझ्या तोंडात फडकं कोंबलं. जीभ चावली गेली होती. रक्ताची चव मला अजून येते. मध्ये जरा बरं वाटलं, मी तुला मागितलं, तुला माझ्या कुशीत ठेवलं. मग पुन्हा झटके आले. आणि मग मी गेले.”

“गेलीस? कुठे गेलीस?”

“मेले,” धाकटी म्हणाली.

मुलगी हसली नाही. “आई,” ती खूप लहान आवाजात म्हणाली, “तू काय बोलतेयस? मला भीती वाटते.”

भीती धाकटीलाही वाटत होती. पण ‘मेले’ या शब्दापुढे आठवण नव्हती. डाग नव्हता, कळ नव्हती, दांड्याचा गारवा नव्हता. मेल्यानंतरचं थोरलीकडून तिला काहीच मिळालं नव्हतं. आणि तरी खोली होती. खोली तिला दिसत होती, पण भलत्याच बाजूनं. पलंग दिसत होता. आजवर तिला पलंग कधी दिसला नव्हता, कारण ती नेहमी त्याच्यावर असायची. आता तो समोर होता, त्यावर कुणीतरी होतं, आणि त्याचे सुजलेले तळवे तिच्याकडे होते. बायका मध्ये उभ्या होत्या. हाताला चटका बसत होता.

“ती मी नव्हते,” धाकटी म्हणाली. आवाज फाटला, आणि तो तिचाच होता. “ती थोरली. माझी बहीण. तुझी आई ती. मी दाराशी उभी होते. गरम पाण्याचं भांडं घेऊन. आत येऊ देत नव्हते मला. आतलं रडणं सुरू झालं, पाणी निवून गेलं, तरी मला कुणी म्हटलं नाही की भांडं ठेव खाली. मी उभीच.”

मुलीनं हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला. ती धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, एखादी अनोळखी वस्तू बघावी तशी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. धाकटीला वाटलं, काहीतरी बोलावं, आपण तिला कसं वाढवलं ते, तापात जागून काढलेलं ते, काहीही. पण तेवढा वेळ नव्हता. “हे डॉक्टरीणबाईंना आत्ताच्या आत्ता सांगायचं,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत नाही थांबायचं. ऊठ. जावयांना मी कळवते.”

मुलगी उठली. दारापाशी स्टुलावर बसली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून धाकटी खाली जमिनीवर बसली आणि तिनं तिचं पाऊल मांडीवर घेतलं. चपलेचा पट्टा पुरा सैल केला तरी पाऊल आत जाईना. तिनं एका हातानं टाच धरली आणि दुसऱ्या हातानं चप्पल पुढे ढकलली.

“हळू,” मुलगी वरून म्हणाली.

धाकटी पुढच्या शब्दासाठी, ‘आई’ या हाकेसाठी थांबली. मग तिनं दुसरं पाऊल मांडीवर घेतलं.